बिनतारी हौशींची जत्रा

श्रोतेहो, जत्रा म्हटली की आपल्यापुढे काय उभे राहते? पालखी, पाळणे, भेंडबत्ताशांची दुकाने, कुस्त्यांचा फड आणि या सगळ्यावर पसरलेला धुरळा. यातली पालखी आणि कुस्त्या वगळल्या तर बाकीचे पुष्कळसे जिथे आहे अशी एक जत्रा मी २०२४ च्या मे महिन्यात पाहिली. ती आपल्याकडली नव्हे. अमेरिकेत ओहायो नावाचे राज्य आहे. तिथे डेटन शहराजवळ झिनिया नावाचे गाव आहे. आपल्या परसात झिनियाची फुले असतात ना, उच्चार तसाच. तिथे दरसाल मे महिन्यात तीन दिवस ही जत्रा भरते. देव तिथे कोणी नाही. जमतात ते हौशी बिनतारीवाले, म्हणजे घरात एक लहानसे यंत्र ठेवून पृथ्वीच्या पाठीवरच्या अनोळखी माणसांशी बोलणारे लोक. त्या वर्षी तीन दिवसांत पस्तीस हजारांवर माणूस लोटला होता.

आता तुम्ही म्हणाल, रेडिओ तर आमच्याही घरात आहे. खरे आहे. परंतु आपला रेडिओ फक्त ऐकतो. मी इथे बसून बोलतो आहे आणि तुम्ही ऐकता आहात. तुम्ही तिथून 'अहो, जरा सावकाश' म्हणालात तर ते मला ऐकू येणार नाही. हौशी बिनतारीवाल्याजवळ ऐकण्याचे आणि बोलण्याचे अशी दोन्ही साधने असतात. त्यासाठी तो परीक्षा देतो, सरकारचा परवाना घेतो, आणि सरकार त्याला अक्षरे व आकडे मिळून एक खूण देते. तेच त्याचे हवेतले नाव. आपल्याकडच्या बहुतेक हौशींची खूण 'व्ही यू' या दोन अक्षरांनी सुरू होते. या बोलण्यातून पैसा मात्र मिळवता येत नाही. इंग्रजीत या लोकांना 'हॅम' म्हणतात. हॅम म्हणजे डुकराचे मांस! त्यामुळे मी कुठल्या मेळ्याला निघालो आहे हे आमच्या मातोश्रींना नीट सांगण्याची सोयच नव्हती. हा शब्द मुळात शिवीच. जुन्या तारायंत्रावर ज्याचा हात ओबडधोबड चाले त्याला तारबाबू 'हॅम' म्हणून हिणवीत, असे सांगतात. पुढे हौशी मंडळींनी ती शिवी उचलली आणि पदवीसारखी मिरवली.

मी इतिहासाचा अध्यापक. यंत्राशी माझा संबंध फारसा नाही. मग मी तिथे कसा गेलो, हे आधी सांगायला हवे.

आमच्या तालुक्याच्या गावी पोस्टात एक तारमास्तर होते. मी शाळेत असताना दुपारी त्यांच्या खिडकीशी जाऊन उभा राही. आतून तारायंत्राचा कट्ट-कडकट्ट आवाज येई आणि त्या आवाजाकडे कान देऊन मास्तर कागदावर अक्षरे लिहीत. आवाजातून अक्षर निघते, हे मला जादूसारखे वाटे. एक दिवस त्यांनी आत बोलावले, टेबलावर नखाने टकटक करून दाखवले आणि म्हणाले, "टिंब आणि रेघ डोळ्यांपुढे आणू नकोस. गाण्यासारखं ऐक." असा मी मोर्सची लिपी शिकलो. मास्तरांकडे हौशी बिनतारीचा परवानाही होता. वाड्याच्या माळवदावर दोन बांबू उभे करून त्यांनी तार ताणलेली होती, आणि रात्री जेवणे झाल्यावर ते रशिया, जपान असे कुठे कुठे बोलत. गावात निम्म्या लोकांना ते वेड वाटे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. गणपतींचे विसर्जन करून माणसे नुकतीच झोपली होती. चारला चार-पाच मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांतल्या गावांतून सुमारे दहा हजार माणसे दगडमातीखाली गेली. ठिकठिकाणचे हौशी बिनतारीवाले आपापली यंत्रे घेऊन तिकडे धावले. आमचे मास्तरही रजा टाकून, एक सेट आणि मोटारीची बॅटरी घेऊन उमरग्याकडे गेले. आठ दिवसांनी परतले तेव्हा दाढी वाढलेली, आवाज बसलेला. "मास्तर, तिकडं काय केलंत?" मी विचारले. ते म्हणाले, "नावं सांगितली." कोण हयात आहे, कोण कुठल्या दवाखान्यात आहे, याद्यांतली नावे एका जागेहून दुसऱ्या जागी. याखेरीज त्यांनी मला त्या आठ दिवसांविषयी कधी काही सांगितले नाही.

हे मास्तर डेटनच्या मेळ्याविषयी बोलत, ते दुसरा कोणी काशीविषयी बोलेल तसे. जाणे त्यांना जमले नाही. २०१३ च्या जुलै महिन्यात आपल्या देशातली तारसेवाच बंद झाली. ते त्याच्या पुष्कळ आधी निवृत्त झाले होते. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. माझा भाचा ओहायोत कोलंबस शहरी नोकरीला असतो. उन्हाळ्याच्या सुटीत त्याच्याकडे जाण्याचे ठरले तेव्हा मी मास्तरांना विचारले, "तुमच्यासाठी काय आणू?" ते म्हणाले, "आणू नको काही. ठेवायला जागा नाही. तिथल्या जुन्या बाजारात एक फेरी मार, आणि काय काय दिसलं ते येऊन सांग."

कोलंबसहून झिनिया मोटारीने तासाभराच्या आसपास. गाड्या दूर लावायच्या आणि शाळेच्या मुलांच्या पिवळ्या बसमधून मैदानापर्यंत जायचे, अशी व्यवस्था. मैदान म्हणजे त्या जिल्ह्याच्या शेतकी प्रदर्शनाची जागा. गुरांचे गोठे आहेत, घोड्यांच्या शर्यतीचा गोल रस्ता आहे. त्यातल्या इमारतींना या तीन दिवसांपुरती मार्कोनी, टेस्ला, मॅक्सिम अशी नावे दिलेली.

बसमध्येच माझी पंचाईत सुरू झाली. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. त्यांच्या टोपीवर अक्षरे भरलेली, छातीवर बिल्ला, त्यावरही तीच अक्षरे. त्यांनी हात पुढे केला आणि विचारले, "तुमचा कॉल?" आपण प्रवासात 'कुठल्या गावचे?' विचारतो, अगदी तसे. मी मोर्स शिकलो, पण परवान्याची परीक्षा काही दिली नाही. आधी दहावी, मग एम्. ए., मग नोकरी, असे करता करता राहून गेले. मला कॉल नाही असे सांगितले तेव्हा गृहस्थ क्षणभर गप्प राहिले, आणि मग अगदी मायेने म्हणाले, "मग कुणाबरोबर आलात?" त्या दिवशी हा प्रश्न मला दहा-बारा वेळा आला. पंचेचाळिसाव्या वर्षी, भर गर्दीत बिननावाचा असण्याचा अनुभव मी घेतला.

आत एक गोष्ट पाहिली, ती विसरण्याजोगी नाही. दोन म्हातारे समोरासमोरून चालले होते. एकाने दुसऱ्याच्या टोपीवरची अक्षरे वाचली आणि तो थबकला. दुसऱ्यानेही वाचली. मग काही न बोलता दोघांनी एकमेकांना मिठी मारली. माझा भाचा चौकस. त्याने जाऊन विचारले. तेव्हा कळले की दोघे तीस वर्षे दर आठवड्याला हवेतून बोलत आले आहेत आणि आज पहिल्याने भेटताहेत. श्रोतेहो, हा मेळा कशासाठी भरतो ते मला तिथे समजले. बाकीची खरेदी-विक्री नंतरची.

पण ही माणसे मुळात हवेत एकत्र आली कशी? इतिहासाच्या माणसाला हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत घरोघरची पोरे तांब्याच्या तारा गुंडाळून बिनतारी यंत्रे करू लागली. कायदा नव्हता. कुणीही उठावे आणि हवेत गलका करावा. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. त्या वेळच्या गोंधळाचा ठपका या पोरांवरही आला आणि ऑगस्टमध्ये कायदा झाला. हौशी लोकांनी २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवरच काय ते बोलावे, असे त्यात ठरले. २०० मीटरच का? कारण त्या काळच्या तज्ज्ञांच्या मते त्या आखूड लहरी निरुपयोगी होत्या. लहर जितकी लांब तितकी ती दूर जाणार, ही समजूत. म्हणजे बघा, चांगली काळी जमीन आरमाराने आणि कंपन्यांनी घेतली आणि खडकाळ माळ या पोरांना दिला. काही वर्षांत कंटाळून गप्प बसतील, असा हिशेब.

ती गप्प बसली नाहीत. १९१४ च्या एप्रिलमध्ये हार्टफर्ड शहरच्या हायरम पर्सी मॅक्सिम या गृहस्थांना जवळच्या स्प्रिंगफील्डला एक निरोप धाडायचा होता. त्यांचे यंत्र तिथवर पोचेना. तेव्हा मधल्या गावच्या एका हौशी माणसाला त्यांनी निरोप सांगितला आणि त्याने तो पुढे दिला. खेड्यात आपण बांधावरून बांधावर हाक देत निरोप पोचवतो, तसेच हे. या एका हाकेवरून मॅक्सिम यांना देशभराची साखळी सुचली, आणि त्याच साली अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था उभी राहिली. याच मॅक्सिमच्या वडिलांनी मॅक्सिम तोफ काढली, आणि याने स्वतः बंदुकीचा आवाज दाबणारी नळी काढली. बापाने आवाज वाढवला, मुलाने दाबला आणि मग सगळ्या देशाला बोलायला लावले! असो.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि हौशींची यंत्रे बंद करण्याचा हुकूम सुटला. ती पुन्हा बोलू लागली ती १९१९ च्या ऑक्टोबरात. त्यानंतर दोन वर्षांनी, १९२१ मध्ये, शिकागो येथे या लोकांचे पहिले राष्ट्रीय संमेलन भरले. एकमेकांना फक्त टिंब-रेघांनी ओळखणारी हजारावर माणसे, पुष्कळ तर मिसरूड न फुटलेली, एका हॉटेलात जमली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पॉल गॉडली हा त्यांचा माणूस स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसन गावाजवळ समुद्रकाठी तंबू ठोकून बसला. बाहेर वारा-पाऊस, कानाला यंत्र, आणि पलीकडे तीन हजार मैलांवर अमेरिकेतली पोरे आपापल्या घरून कळ दाबताहेत. त्याने त्यांच्यापैकी दोन डझनांहून अधिक जणांना ऐकले.

पुढे काहींनी विचार केला की आणखी खाली जाऊन बघू. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरातला लेऑन देलॉय आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल हे दोघे १०० मीटरच्या आसपासच्या लहरीवर अटलांटिक महासागराच्या आरपार परस्परांशी बोलले. तेही थोडक्या विजेवर. आखूड लहरी जमिनीलगत दूर जात नाहीत हे खरे. परंतु त्या वर जातात, शेकडो किलोमीटरांवर असलेल्या विजेने भारलेल्या हवेच्या थरावर आपटून परत खाली येतात आणि समुद्र ओलांडतात. खडकाळ म्हणून दिलेला माळ सगळ्यात कसदार निघाला! मग काय, सरकारे आली, कंपन्या आल्या, मोजणी झाली, आणि त्या माळाचे तुकडे पडले. हौशींच्या वाट्याला मधूनमधून पट्टे राहिले. आपण गावोगाव बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकत होतो, ती याच शॉर्ट वेव्हवर. ती जमीन पहिल्यांदा नांगरली कुणी, हे आपल्याला कुणी सांगितले नव्हते.

डेटनच्या मेळ्याचा जन्म त्या मानाने साधाच. गिनतीच्या यंत्रांचे आणि मोटारींच्या विजेच्या सामानाचे मोठाले कारखाने, शेजारी विमानदळाचा तळ, असे ते शहर. राइट बंधूंची सायकलची दुकानेही तिथलीच. विमान करणारे तेही हौशीच होते! हातांत पाना असलेली माणसे तिथे मुबलक. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे जादा झालेले बिनतारी सेट स्वस्तात विकायला निघाले होते. स्थानिक मंडळाने थोडे पैसे हाताशी धरून २२ मार्च १९५२ रोजी बिल्टमोर हॉटेलात मेळावा बोलावला. तीनशे लोक येतील असा अंदाज होता, सहाशेवर आले. १९६४ ते २०१६ पर्यंत तो हारा अरीना नावाच्या क्रीडागृहात भरे. १९९३ साली तिथे तेहतीस हजारांवर माणसे आली होती. ते क्रीडागृह बंद पडले तेव्हा २०१७ पासून मेळा झिनियाला आला. २०२० व २०२१ ही दोन वर्षे करोनामुळे तो भरला नाही. या झिनिया गावावर ३ एप्रिल १९७४ रोजी चक्रीवादळ येऊन तीसहून अधिक माणसे दगावली होती आणि अर्धे गाव आडवे झाले होते. टेलिफोनच्या तारा तुटल्या, तेव्हा आसपासच्या हौशींनी निरोपांचे काम केले. तिथल्या एका वृद्धाला मी आमच्या मास्तरांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "नावंच सांगायची असतात. दुसरं काय असतं!" मी चमकलो. शब्दसुद्धा तेच.

आता जुन्या बाजाराकडे वळू. खरी जत्रा तीच. शर्यतीच्या गोल रस्त्याच्या आतल्या गवतावर शेकडो माणसे आपापल्या मोटारींची मागची दारे उघडून बसलेली. पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना फार सांगायला नको. युद्धातल्या विमानांतून काढलेले काळे सेट, काचेचे व्हॉल्व्ह कापसात ठेवलेले, अंड्यांच्या टोपल्यांसारखे; कंडेन्सर, कॉइली, वेटोळी केलेल्या तारा, नावे पुसलेल्या पेट्या. एकाकडे नुसते स्क्रू. एकाकडे जुन्या मोर्सच्या कळा, पितळेच्या, पुसून लखलखीत केलेल्या. मी एक कळ बोटाखाली धरली आणि सवयीने चार अक्षरे वाजवली. विक्रेता खुर्चीतून न उठता म्हणाला, "दुसरं अक्षर घाईत दाबलंत." भाव सांगण्याआधी त्याने माझी चूक सांगितली. असा दुकानदार आपल्याला कुठे भेटायचा?

भाव करतानाही एक रीत दिसली. वस्तू चालते की बिघडलेली आहे हे विकणाराच आधी सांगतो. एका पोराला एक बिघडलेला सेट हवा होता, खिशात पैसे कमी. विक्रेत्याने त्याला तो तसाच दिला आणि वर अर्धा तास तो दुरुस्त कसा करायचा ते समजावून सांगितले. सगळेच असे उदार होते असे मी म्हणणार नाही. पलीकडे एकजण फुटक्या पेटीचे दोनशे डॉलर सांगून बसला होता, आणि संध्याकाळपर्यंत तसाच बसला होता.

या बाजारात एका टेबलाखाली चपलांची खोकी होती आणि त्यांत पोस्टकार्डे. प्रत्येकी एक डॉलर. हौशी माणसे हवेत बोलणे झाले की त्याची पावती म्हणून एकमेकांना कार्ड पाठवतात. त्यावर आपली खूण, गाव, तारीख, वेळ, कुठली लहर, आवाज कसा आला, हे सारे लिहिलेले असते. माणूस मेला की तिकडे म्हणतात, कळ मुकी झाली. मग त्याच्या घरचे ही खोकी काढून टाकतात, आणि ती अशी बाजारात येतात. मी इतिहासाचा माणूस. जुना कागद दिसला की खाली बसणारच. भाचा म्हणाला, "मामा, गवत ओलं आहे." तरी बसलो. युरोपातली कार्डे, जपानची, आता नकाशावर नसलेल्या देशांची. तास-दीड तासाने 'व्ही यू' ने सुरू होणारे एक हाती लागले. मुंबईचे. जून १९३८. ओहायोतल्या कुणा गृहस्थाला पाठवलेले. शाई फिकट झाली होती, पण अक्षर सुरेख, वळणदार. आकडे नीट भरलेले, आणि खाली एक ओळ: बाहेर जोराचा पाऊस आहे, एरियल हलते आहे, तेव्हा चुका पोटात घालाव्यात.

ते कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ तसाच बसलो. या माणसाचे पुढे काय झाले असेल? पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, युद्ध सुरू झाले आणि इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या हौशींना आपापली प्रक्षेपण यंत्रे पोलिसांकडे जमा करायला लावली. या सुरेख अक्षराच्या माणसाने आपला सेट उचलून चौकीवर नेऊन ठेवला असेल. का नसेल ठेवला? कारण सगळ्यांनीच ठेवले नाहीत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्या तेव्हा बावीस वर्षांच्या. नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या बिनतारीतल्या जाणकारांचे हात त्या यंत्राला लागले होते. ४२.३४ मीटरवरून तो बोले. म्हणजे हौशींच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यातच! जागा बदलत बदलत तो जवळजवळ तीन महिने चालला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी दार फोडले, उषाबेन तुरुंगात गेल्या आणि १९४६ मध्ये सुटल्या. बेचाळीसचा लढा मी वर्गात दरसाल शिकवतो. रेल्वेचे रूळ, पत्री सरकार, हे सगळे सांगतो. परंतु त्या रेडिओचे यंत्र जोडायला हात कुठून आले, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. तो पडायला ओहायोतल्या ओल्या गवतावर जावे लागले. एक डॉलर देऊन मी कार्ड घेतले.

शिक्षक श्रोत्यांसाठी आणखी एक गोष्ट. इमारतींमधून दिवसभर व्याख्याने चालतात. त्यातली एक सभा मुलांची असते. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर शाळेत शिकवणाऱ्या कॅरोल पेरी नावाच्या बाईंनी ती सुरू केली आणि तीस वर्षांहून अधिक काळ चालवली. बाईंनी वर्गात भूगोल, भाषा आणि विज्ञान हे तिन्ही या बिनतारीच्या निमित्ताने शिकवले. कुठल्या देशाशी बोललो तो नकाशावर शोधायचा, असे. सभेत बोलणारी पोरे बारा-पंधरा वर्षांची. एक मुलगी उंच फुग्याला लहानसा प्रक्षेपक बांधून तो कसा माग काढत शोधला ते सांगत होती. मध्येच विसरली, हसली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. श्रोत्यांत पांढऱ्या दाढ्यांच्या रांगाच्या रांगा, माना हलवत.

ते चित्र गोड होते खरे, पण त्यातच या मेळ्याचे दुखणेही आहे. बोलणारी पोरे आठ-दहा, ऐकणारे म्हातारे शंभरांनी. बाजारात फिरतानाही तरुण चेहरा शोधावा लागे. मोठ्या दालनांत नवे सेट मांडलेले. किमती ऐकून मी नुसता नमस्कार केला. काही वृद्धांची तक्रार अशी की मोर्सची सक्ती गेली तिथेच सगळे बिघडले. अमेरिकेत ती २००७ मध्ये गेली. आता म्हणे पोरे संगणकाला बोलायला लावतात आणि स्वतः चहा पितात. मला ही तक्रार फारशी पटली नाही. ठिणगीची यंत्रे जाऊन व्हॉल्व्ह आले तेव्हाही असेच बोलले गेले असणार. दुखणे दुसरे आहे. दूरच्या माणसाशी बोलणे ही एके काळी नवलाची गोष्ट होती, आणि आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे. नवल संपल्यावर हौस कशावर जगवायची? तिथल्या लोकांनी याचे एक उत्तर शोधले आहे. परीक्षाच सोपी आणि जवळची केली. १९८४ पासून ती हौशी मंडळीच घेतात. प्राथमिक परीक्षेला पस्तीस प्रश्न, सव्वीस बरोबर आले की पास, आणि प्रश्नांचा संग्रह आधीच उघड छापलेला. आपल्याकडे सरकारी परीक्षेसाठी खेड्यातल्या मुलाला मोठ्या शहरी जावे लागते. किल्लारी आपण पाहिली. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा अंदमानात पोर्ट ब्लेअरला योगायोगाने आपल्या हौशींचे एक पथक यंत्रांसह हजर होते, त्याचा केवढा उपयोग झाला हेही पाहिले. पण आमच्या तालुक्यात आज परवाना असलेला माणूस एकच आहे, आणि त्याच्या माळवदावरचे बांबू दोन वर्षांपूर्वीच्या वाऱ्यात पडले, ते कुणी उभे केलेले नाहीत.

संध्याकाळी निघताना बसमधले ते सकाळचे गृहस्थ पुन्हा भेटले. "सेव्हन्टी-थ्री," ते म्हणाले. त्र्याहत्तर. जुन्या तारबाबूंच्या काळापासून हा आकडा शुभेच्छांसाठी वापरतात. मीही त्र्याहत्तर म्हणालो. एवढे तरी मला येत होते.

जूनमध्ये गावी परतलो आणि पहिल्या संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. ते ओसरीवर बसले होते. बाजारात काय काय पाहिले ते मी सांगत गेलो. कळा, व्हॉल्व्ह, विमानातले सेट, दुसरे अक्षर घाईत दाबले म्हणणारा तो दुकानदार. त्यावर ते खूष झाले. "बरोबर बोलला. तुझी ती खोड जुनी आहे." मग मी खिशातून कार्ड काढून त्यांच्या हातात दिले. मला वाटले होते, जुनी तारीख पाहून, मुंबईचे नाव पाहून, ती पावसाची ओळ वाचून ते काही बोलतील. त्यांनी भिंग मागवले. कार्ड उजेडाकडे धरले. ओळ वाचली की नाही कोण जाणे. त्यांचे बोट थांबले ते आकड्यांवर. ५७७. यातला पहिला आकडा आवाज किती समजला याचा, दुसरा किती जोराचा होता याचा, आणि तिसरा सूर किती स्वच्छ होता याचा. नऊ म्हणजे बासरीसारखा.

"मुंबईवाल्यानं दिलाय हा, म्हणजे त्या अमेरिकनाचा सूर सात," मास्तर म्हणाले. थोडा वेळ त्यांनी विचार केला. "गुरगुर येत असणार त्याच्या आवाजात. कंडेन्सर कमी पडत होता गड्याचा. अजून एक लावायला हवा होता."